बाळंतीण बरी आहे का?

डिसेंबर लागला की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मला ठरावीक प्रश्न येतात. केक घरी करता की विकत आणता? वाइन खरंच असते का हो? आणि चर्चमध्ये सगळं इंग्रजीतच चालत असेल ना? विचारणाऱ्यांच्या मनात काही वाकडं नसतं. त्यांनी नाताळ पाहिलेला असतो तो हिंदी सिनेमात, आणि हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस एकतर गोव्याचा असतो नाहीतर वांद्र्याचा. त्याला गिटार येते, मराठी येत नाही.

मी नगरची. आमच्याकडे नाताळाला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, शेव आणि चिवडा असतो. केकही असतो, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो कोरडा लागतो, म्हणून ती तो चहात बुडवून खातात. दिवाळीत शेजारून फराळाचं ताट येतं, त्याची परतफेड नाताळात होते. दीड-दोन महिन्यांत चकलीची उधारी फिटते. भाषेचं म्हणाल, तर अमेरिकन मराठी मिशन नगरात आलं ते १८३१ साली. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये इथेच सुरू झालं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आम्हाला भजन-कीर्तनाची गोडी लावली, आणि त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापून झालेलं होतं. आता एवढं सगळं मधल्या सुट्टीत कुठे सांगत बसणार? मी ‘केक विकतच आणतो’ म्हणते आणि वह्या तपासायला घेते.

लहानपणी नाताळ म्हणजे आधी शिंपी. फ्रॉक चोवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत मिळायचा नाही, आणि मिळाला की एका बाहीला काच पडलेला असायचा. त्यानंतर रविवारच्या शाळेचं नाटक. या नाटकात मी बरीच वर्षं मेंढरू होते. अंगावर घोंगडी, ती टोचायची, आणि खाजवायचं नाही अशी सक्त ताकीद. मरीया व्हायला गोरं असावं लागे. बेथलेहेम कुठल्या प्रदेशात येतं आणि तिथं ऊन किती पडतं हे आमच्या भूगोलाच्या बाई वर्गात छान समजावून सांगत, पण नाटकही त्याच बसवत. योसेफाचं काम कोणाला नको असायचं, कारण त्याला एकही वाक्य नव्हतं. (शुभवर्तमानांतही नाही. आख्ख्या बायबलात या माणसाच्या तोंडी एक शब्द घातलेला नाही. सांगितलं तसं करतो आणि गप्प राहतो.) सगळ्यांचा डोळा असायचा तो धर्मशाळेच्या मालकाच्या कामावर. दार उघडायचं, कंदील वर धरायचा, “जागा नाही!” असं ओरडायचं आणि दार आपटायचं. टाळ्या पडायच्या. पुढे मोठेपणी मी नीट वाचलं तेव्हा कळलं, की लूकच्या शुभवर्तमानात असा कोणी मालक नाहीच. जागा नव्हती एवढंच आहे. आमच्या नगरच्या पोरांनी आणि जगभरच्या नाटकवाल्यांनी त्या बिचाऱ्याला उभा केला आणि शतकानुशतकं बोल लावला.

मग तो नाताळ कुठेतरी हरवला. हरवला म्हणजे काय, सगळं होतं तिथंच होतं. मीच त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन पडले. लग्न झालं, मुलगी झाली, आणि डिसेंबर म्हणजे पडदे धुणं, डबे घासणं, भाजणी, चर्चची वर्गणी, भगिनी मंडळाचा कार्यक्रम, आणि हे सगळं शाळेची स्नेहसंमेलनं सांभाळून. पंचवीस तारखेच्या भक्तीला मी बसायची ती पायांना आराम म्हणून. उपदेश चालू असताना मनात हिशेब चालायचा की पाहुणे अठरा आले तर मटण पुरेल का. कोणी विचारलं तर मी समजूतदारपणे म्हणायची, “नाताळ खरं तर लहान मुलांचा सण.” मोठ्या माणसांना एखाद्या गोष्टीचा कंटाळा आला, की ती ती गोष्ट मुलांच्या नावावर करून टाकतात.

असं बरंच चाललं असतं, पण एका वर्षी पाळकसाहेबांचा फोन आला. तरुण संघाची कॅरल पार्टी रात्री तालुक्यातल्या वस्त्यांवर जाणार होती, आणि मुलींबरोबर कोणीतरी पोक्त बाई हवी होती. पोक्त हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. नाही म्हणायची सोय राहिली नाही.

कॅरल पार्टी म्हणजे एक टेम्पो, त्यात सतरंजी, ढोलकी, झांजा, एक गिटार आणि वीस-बावीस पोरंपोरी. रात्री नऊपासून घरोघर जायचं, दारात गायचं, पाळकांनी किंवा कोणी वडीलधाऱ्यांनी प्रार्थना करायची आणि चहा प्यायचा. नगरकडची डिसेंबरची थंडी माळावर कशी झोंबते ते ज्यानं टेम्पोच्या उघड्या हौद्यात बसून अनुभवलं त्यालाच ठाऊक. आमच्यात एक सांताक्लॉजही होता, बारावीतला, अंगानं काडी. पोटाला उशी बांधलेली, कापसाची दाढी तोंडात जायची आणि तो सारखा थुंकत होता. हा नेमका कोण, कुठून आला आणि ख्रिस्तजन्माशी याचा काय संबंध, हे मला आजही सांगता येणार नाही, पण त्याच्याशिवाय वस्तीवरची मुलं गोळा होत नाहीत हे खरं.

दौंड रस्त्याला एका आडवळणी वाटेवर टेम्पो पंक्चर झाला. स्टेपनी होती, जॅक नव्हता. ड्रायव्हर कुठूनतरी जॅक आणायला गेला आणि पोरांनी गारठा घालवायला ढोलकी काढली. गाणं सुरू झालं तशी शेजारच्या कांदा निघालेल्या वावरातून दोन कुत्री धावून आली. ती सरळ सांताक्लॉजवर. तो टेम्पोच्या टपावर चढून बसला आणि तिथून ‘काकू, काकू’ करू लागला. मागोमाग बॅटरीचा उजेड आला, शिव्या आल्या, कुत्री परत फिरली. वावरात धनगरांचा वाडा बसलेला होता. दिवाळीनंतर ही मंडळी मेंढरं घेऊन हिंडतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतो, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. चारी बाजूंनी जाळीची वाघर लावलेली, आत मेंढरांचा दाटून बसलेला करडा ढीग, एका अंगाला घोडी बांधलेली, आणि तीन दगडांच्या चुलीत धुगधुगी. रात्री कोणीतरी जागं राहावंच लागतं. या भागात लांडगे आहेत, आणि हल्ली बिबटेही.

चुलीपाशी एक म्हातारी बसलेली होती. तिच्या मांडीवर तासाभरापूर्वीचं कोकरू होतं आणि पोत्याच्या तुकड्यानं ती ते खसाखसा पुसत होती, इतकं जोरात की ते हेलपाटत होतं. शेजारी मेंढी उभी. तिच्यापुढे कसलातरी पाला टाकलेला. म्हातारीनं आमच्याकडे मान न वळवता विचारलं,

“कुणाच्यात लगीन हाय?”

“लग्न नाही आजी. नाताळ आहे.”

याचा तिला काही बोध झाला नाही. आमच्यातला एक मुलगा उत्साही होता, त्याला वाटलं ही साक्ष देण्याची वेळ. तो पुढे होऊन म्हणाला, “आजी, बाळ जन्माला आलंय, त्याचा आनंद करतोय आम्ही.”

“कुणाच्यात?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “लांब आहे. बेथलेहेमात.”

“पोरगं का पोरगी?”

“पोरगं.”

“पयलंच?”

“पहिलंच.”

“आन् बाळातीन? बरी हाय ना?”

वीस-बावीस जणांत कोणालाच उत्तर देता येईना. गिटारवाला तारा जुळवायला लागला. सगळ्यांना दूताचा निरोप पाठ होता, ताऱ्याची दिशा माहीत होती, सोनं-ऊद-गंधरस कोणत्या क्रमानं येतं हे माहीत होतं. आई कशी आहे हे कोणी विचारलेलं नव्हतं, आणि विचारावं असं मलाही कधी सुचलेलं नव्हतं, मी स्वतः एक बाळंतपण काढलेली बाई. शेवटी मीच म्हटलं, “बरी आहे.” म्हातारीनं मान हलवली. मग कोकराकडे बघत म्हणाली, “पयली आईला बघावी. मेंढी उभी रायली की कोकरू जगतंय.” आणि टेम्पोच्या टपाकडे बोट करून, “ह्यो कोन? आजा का बाळाचा?”

आजाच आहे म्हणून सांगून टाकलं. त्या रात्री दुसरं काय सांगणार होते?

घरी पोहोचायला पहाट झाली. आंघोळ उरकून मी चुलीवर तेल ठेवायच्या आधी बायबल काढलं आणि लूकचा दुसरा अध्याय वाचला. इतकी वर्षं तो कानावर पडत होता, पण कोणाचा तरी पत्ता शोधत वाचावं तसा मी तो पहिल्यांदा वाचला. म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. लूक वैद्य होता असं परंपरा सांगते, आणि तरी या वैद्यानं सगळं बाळंतपण एका वाक्यात उरकलंय. डॉक्टर लोकांची ही जुनी सवय असावी. बाहेर येऊन ‘सगळं व्यवस्थित’ म्हणायचं आणि हात धुवायला निघून जायचं. पण त्याच वाक्यात एक गोष्ट आहे. बाळाला तिनंच गुंडाळलं, तिनंच गव्हाणीत ठेवलं. म्हणजे करणारं दुसरं कोणी नव्हतं. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. ही बिचारी नवऱ्याच्या मूळगावी निघाली होती, तेही नासरेथहून शे-सव्वाशे किलोमीटर डोंगरवाटेनं. म्हणजे नगरहून पुणं समजा, दिवस भरलेले असताना. आई जवळ नाही, सासू असल्याचा उल्लेख नाही. नवरा बरोबर आहे, पण तो बोलत नाही.

आणि हे कशासाठी? तर खानेसुमारीसाठी. लहानपणी हा भाग मला निव्वळ कंटाळवाणा वाटे, कैसर कोण आणि सुभेदार कोण. पण २०११च्या जनगणनेत मी प्रगणक होते. फेब्रुवारीभर दारोदार फिरले, कुत्री आणि सोसायट्यांचे वॉचमन सोसले, आणि अठ्ठावीस तारखेच्या रात्री बेघरांची गणना असते ती केली. एका बंद दुकानाच्या पायरीवर झोपलेल्या कुटुंबाला उठवावं लागलं. नाव, वय, गाव विचारत विचारत तान्ह्यापर्यंत आले आणि जन्मठिकाण विचारलं. बापानं मागच्या शटरकडे पाहिलं आणि म्हणाला, “हितंच की.” मी लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाकडे गेले. कैसराच्या कारकुनानंही तसंच केलं असणार. लूकनं सांगितलेल्या सुभेदाराची कारकीर्द आणि हेरोदाचं मरण यांच्या सालांचा मेळ बसत नाही म्हणून विद्वान अजून वाद घालतात. सरकारी नोंदणीचं काम केलेल्या माणसाला सालांचा मेळ बसत नाही याचं फारसं काही वाटत नाही.

तेव्हापासून मला चर्चमधला गव्हाणीचा देखावाही वेगळा दिसू लागला. मरीया गुडघे टेकून, पाठ ताठ, हात जोडून बसलेली. नुकतीच बाळंत झालेली बाई! कुठली सुईण तिला असं बसू देईल? शोधता शोधता कळलं, की तिला असं बसवलं ते चौदाव्या शतकात स्वीडनच्या संत ब्रिजिटनं. तिला बेथलेहेममध्ये दर्शन झालं, त्यात मरीया गुडघे टेकून होती, आणि मग युरोपातले चित्रकार तेच काढत सुटले. त्याआधीच्या चित्रांतून आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींच्या प्रतिमांमध्ये ती बिछान्यावर चक्क आडवी झालेली असते. एका कोपऱ्यात सुइणी बाळाला न्हाऊ घालतात, आणि दुसऱ्या कोपऱ्यात योसेफ हनुवटीला हात लावून चिंतेत बसलेला असतो. हे चित्र काढणाऱ्यानं घरात बाळंतपण पाहिलेलं होतं, याबद्दल माझी खात्री आहे.

त्या सकाळी लूकमध्ये थोडं पुढे वाचलं तर आणखी सापडलं. आठव्या दिवशी नाव ठेवलं. आपल्या बारशापेक्षा चारच दिवस आधी. शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर ती मंदिरात गेली. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मुलगा झाला की ते दिवस चाळीस. आपला सव्वा महिनाच तो. अर्पण द्यायचं कोकरू, पण ऐपत नसेल तर पाखरांची जोडी चालते, अशी नियमातच सवलत आहे. या जोडप्यानं सवलत घेतली. ज्याला पुढे जगानं देवाचं कोकरू म्हटलं, त्याच्या आईबापांना मंदिरात द्यायला कोकरू परवडलं नव्हतं.

इथे मात्र मला तेल तापत ठेवून खाली बसावं लागलं. देव देहधारी झाला, हे आम्ही लहानपणापासून विश्वासांगीकाराच्या सुरात म्हणत आलो. सुरात म्हटलं की कोणतीही गोष्ट पचते. पण देह म्हणजे काय हे मला माझ्या मुलीनं शिकवलेलं होतं, रात्री तीन वाजता. देह म्हणजे पोटात कळ आली की आक्रसणारे पाय. टाळूवर थापलेलं तेल. दूध जास्त झालं की खांद्यावर परत येणारं. ज्यानं सूर्यचंद्र टांगले असं आम्ही मानतो, त्याला ढेकर यावी म्हणून कोणीतरी खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होतं, आणि त्या बाईची कंबर दुखत होती. सर्वसमर्थानं स्वतःला असं एका दमलेल्या पोरीच्या हवाली करून टाकावं, हे मला कोणत्याही चमत्कारापेक्षा मोठं वाटलं. पाण्यावर चालणं त्यामानानं सोपं. लहान मुलाला यात नवल वाटत नाही, कारण ते स्वतःच कोणाच्या तरी खांद्यावर असतं. नवल वाटतं ते ज्याचा खांदा भरून आलाय त्याला.

टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं, ते कवीचं म्हणणं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या गव्हाणीपाशी असत्या तर त्यांनी आधी शेगडीची चौकशी केली असती. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं, ते पुढे बाईंनी पुरं केलं. आरंभ करणारे पुरुष आणि निस्तरणाऱ्या बायका, हे आमच्या मंडळीत भक्तीपासून भांड्यांपर्यंत चालत आलंय. असो.

त्या दिवशी मी करंज्यांचं सारण बाजूला सारलं आणि अळिवाचे लाडू करायला घेतले. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवले, ओलं खोबरं आणि गूळ घालून आटवले, जायफळ किसलं. बाळंतिणीचा खाऊ. आमच्या आत्याबाई, वय ऐंशीच्या पुढे, दारात उभ्या राहून बघत होत्या.

“सणासुदीला अळीव? कोणाचं काय आहे?”

“मरीयेचं,” मी म्हटलं.

त्यांनी जरा विचार केला. “मग डिंकाचे कर. थंडीचे दिवस आहेत, अळिवानं काय होतंय?” एवढं बोलून त्यांनी पातेल्यातलं सारण चाखलं आणि गूळ कमी आहे म्हणाल्या.

फराळाच्या ताटातून ते लाडू शेजारीपाजारी गेले. तासाभरात समोरच्या काकूंचा फोन. आधी नाताळच्या शुभेच्छा झाल्या, चकली खुसखुशीत झाल्याचं झालं, मग आवाज खाली आला. “लाडू अळिवाचे आहेत ना? नाही, सहज विचारलं. तुमची मुलगी पुण्यालाच आहे ना अजून?” माझी मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. मी घाईघाईनं सगळा खुलासा केला: बेथलेहेम, धनगराची म्हातारी, पंक्चर. जितकं सांगत गेले तितका पलीकडे संशय वाढत गेला. शेवटी त्यांनी, “बाई, काही लागलं तर हक्कानं सांगा,” म्हणून फोन ठेवला. मुलगी संध्याकाळच्या गाडीनं आली तेव्हा कॉलनीतल्या बायकांनी तिला नजरेनंच नखशिखांत न्याहाळलं. तिनं मला आजवर माफ केलेलं नाही.

लाडू मात्र चालू राहिले. काकूंची खात्री पटायला पुढचा नाताळ यावा लागला. आता दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचं ताट येतं, त्यावर कागदाची एक पुडी असते: अळीव पाव किलो, आणि बाळंतशोपा वेगळ्या बांधलेल्या. डिसेंबरात महाग होतात म्हणून आधीच घेऊन ठेवतात. गेल्या दिवाळीला सुनेच्या हाती निरोपही पाठवला, की शोपा भाजून मग द्या, कच्च्या दिल्या तर बाळाला बाधतात.